कलावंताचा मुक्काम: एक प्रस्तावना

संग्रहालयाने चित्रकाराला, विणकराला किंवा कुंभाराला काही महिने जागा, साधने आणि खर्चापुरते पैसे द्यावेत, संग्रहातल्या वस्तू त्याला जवळून हाताळू द्याव्यात आणि शेवटी काय तयार होईल याची अट घालू नये, अशी ही व्यवस्था. तिला आपण आर्टिस्ट रेसिडेन्सी म्हणतो. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ आर्ट्स अँड डिझाइनमध्ये कलावंत काम करत असताना प्रेक्षक थेट त्याच्या टेबलापाशी जाऊन बोलतात. पण छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या वाचकाने एवढ्या लांबून सुरुवात करावी असे मला वाटत नाही.

१८७२ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह जवळच्याच अजिंठ्याला भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी आले. मधे खंड पडत १८८५ पर्यंत हे काम चालले. लेण्यांतल्या अपुऱ्या उजेडात या मुलांनी भित्तिचित्रांच्या भल्यामोठ्या नकला कॅनव्हासवर उतरवल्या. त्यांत पेस्तनजी बोमनजी होते; पुढे त्यांनी व्यक्तिचित्रकार म्हणून नाव मिळवले. नकला लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये गेल्या. १८८५ च्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळाल्या. इकडे मूळ भिंतींवर, रंग उठून दिसावेत म्हणून, वॉर्निश चढवले गेले होते. ते कालांतराने पिवळे पडले, आणि १९२० च्या सुमारास निजाम सरकारला चित्रांच्या जतनासाठी इटलीहून तज्ज्ञ बोलवावे लागले. पाहुण्याने यजमानाच्या घराला केलेली ही इजा या क्षेत्राच्या प्रत्येक अभ्यासकाने लक्षात ठेवावी.

ग्रिफिथ्सच्या मोहिमेत मुक्काम होता, मोकळीक नव्हती. काय काढायचे ते ठरलेले होते. १९०९ ते १९११ या काळात इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅम अजिंठ्याला आल्या, तेव्हाही हेतू नकलांचाच होता; पण सोबत तरुण चित्रकार नंदलाल बोस आणि असितकुमार हलदार होते. अजिंठ्याच्या रेषेशी झालेला हा सहवास त्यांच्याबरोबर शांतिनिकेतनापर्यंत गेला. माझ्या मते रेसिडेन्सीचे माप इथे घ्यावे: संग्रहालयाच्या कपाटात काय पडले यापेक्षा कलावंताच्या हाताला कोणते वळण लागले यावर.

आता वाळूजकडे; त्यासाठी आधी एक नमुना पाहू. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये कोहलर कंपनीच्या कारखान्यात १९७४ पासून कलावंत कामगारांच्या शेजारी उभे राहून चिनीमातीची आणि ओतीव लोखंडाची कामे करतात; तिथल्या कलाकेंद्राने हे जमवून आणले. आपल्या एमआयडीसीत दुचाकींचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे उद्योग आहेत, प्रेस आहेत, डाय आणि फिक्स्चर बनवणारे टूल रूमचे कसबी हात आहेत. तासाभराच्या अंतरावर पैठणचे माग आहेत, शहरात हिमरूचे विणकाम आहे. डायचा पृष्ठभाग पॉलिश करताना फिटर बोटाच्या टोकाने खडबडीतपणा चाचपतो, तेव्हा शिल्पकाराला शिकण्यासारखे बरेच काही समोर असते. गरज आहे ती शिफ्टचे वेळापत्रक, सुरक्षिततेचे नियम आणि कलावंताचा संथपणा यांचा मेळ घालणाऱ्या संस्थेची.

या क्षेत्रात येणाऱ्याचे स्वागत करताना माझे एकच मागणे आहे. मुक्कामाचा करार लिहिताना वस्तू कोणाच्या मालकीची, हे जसे लिहिता, तसे ती घडवायला मदत करणाऱ्या फिटरचे, विणकराचे नाव पाटीवर कुठे आणि किती मोठ्या अक्षरांत येईल, हेही पहिल्याच पानावर लिहा.