लोहारकाम

लोखंड व पोलाद तापवून ऐरणीवर घडवण्याची, सांधण्याची आणि त्यांना पाणी देण्याची कारागिरी. जळकोट (ता. तुळजापूर, जि. धाराशिव) हे नळदुर्गजवळचे, सोलापूर–हैदराबाद रस्त्यावरचे गाव. तिथल्यासारख्या काळ्या रानांच्या मुलखात नांगराचा फाळ, कुळवाची पास, खुरपे, कुऱ्हाड आणि ऊसतोडीचा कोयता ही लोहाराची नेहमीची कामे. मृगाआधी फाळ शेवटून (ठोकून टोकदार करून) घेण्यासाठी भट्टीवर गर्दी होते. गावचा लोहार बलुतेदार होता. घिसाडी हे भटके लोहार मात्र बिऱ्हाड घेऊन फिरत. त्यांच्यात घण मारण्याचे काम पुष्कळदा बाईच करते. जळकोटचा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्याच संस्थानातील कोनासमुद्रमचे पोलाद तलवारीच्या पात्यांसाठी इराणपर्यंत जात असे.

कामाआधी धातू ओळखावा लागतो. साध्या नरम लोखंडात कार्बन पाव टक्क्याहून कमी असतो. ते सहज घडते, पण पाणी देऊन फारसे कठीण होत नाही. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात तो अर्धा टक्का किंवा थोडा अधिक असतो, म्हणून कोयत्याला भंगारातला पाटाच बरा. बिडात कार्बन तीन-चार टक्के असल्याने ते घणाखाली फुटते. सहाणेवर धरल्यास नरम लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ उडतात. कार्बन जास्त असेल तर त्या टोकाला फुलतात. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा किंवा नळी भट्टीत घालू नये. त्या धुराने ताप भरतो.

ताव रंगावरून ओळखतात, म्हणून भट्टी सावलीत असते. डाळिंबी लाल म्हणजे सुमारे ७५० ते ८०० अंश सेल्सिअस, नारिंगी ९५०, पिवळा ११००. घडाई नारिंगी-पिवळ्या तावावर करावी आणि लाली मावळू लागताच थांबून जिन्नस पुन्हा भट्टीत घालावा. थंडावलेल्या पोलादावर ठोकत राहिल्यास चिरा पडतात. जिन्नस भात्याच्या तोंडासमोर न ठेवता निखाऱ्यांच्या मध्यावर, वरूनही निखारे ओढून ठेवावा. थेट वाऱ्यात त्यावर पापुद्रे धरतात. पांढऱ्या तावावर ठिणग्या उडू लागल्या तर पोलाद जळाले, आणि जळालेले पोलाद पुन्हा सुधारत नाही.

भट्टीतला सांधा हे सर्वांत अवघड काम. दोन्ही टोके आधी ठोकून जाड करतात, मग तिरकी उतरवतात. सांध्याचे तोंड मधोमध किंचित फुगीर ठेवतात, म्हणजे मळी बाहेर निसटते. पिवळ्या तावावर टाकणखार किंवा बारीक वाळू पेरून नरम लोखंड सुमारे १,३०० अंशांपर्यंत नेतात. पृष्ठभाग ओला दिसू लागताच टोके जुळवून पहिले घाव हलके पण झटपट, मधून कडेकडे घालतात. गंधकाचा धूर सांधा बिघडवतो, म्हणून लोणारी कोळसा उत्तम. दगडी कोळसा असेल तर धूर जळून जाईपर्यंत थांबावे. विजेचे वेल्डिंग आल्यापासून हा सांधा फारसा कोणी घालत नाही. फाटकाला वेल्डिंग पुरते, पण नरम अंगाच्या कुऱ्हाडीला पोलादी धार बसवायची तर जुनी रीतच सरस.

पाणी देताना फक्त धारेची बाजू डाळिंबी करून बुडवतात. कमानीच्या पोलादाला तेल सुरक्षित. पाण्यात ते तडकू शकते. नुसते विझवलेले पाते काचेसारखे ठिसूळ असते. म्हणून धार घासून उजळ करतात आणि पाठीकडून हळूहळू पुन्हा तापवतात. त्या उजळ भागावर २२० अंशांच्या आसपास फिकट पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० ला निळा. छिन्नी जांभळ्यावर थांबवावी, कोयता-कुऱ्हाड जांभळ्या-निळ्यावर.

बैलगाडीच्या चाकाला धाव (लोखंडी पट्टा) चढवणे हेही तावाचेच काम. चार मीटर घेराची धाव ५०० अंशांनी तापली की घेर सुमारे २४ मिलिमीटर वाढतो. तेवढ्यात ती लाकडी चाकावर ठोकून बसवतात आणि लगेच पाणी ओततात. आकसताना ती आरे व पुठ्ठे आवळून धरते. रबरी टायरच्या गाड्या आल्या तसे हे काम मागे पडले.