उपमिश्रणाचा इतिहास : एक टिपण

संगणकावरील ध्वनिमुद्रणात अनेक ट्रॅकांचे मिश्रण करून ते नव्या ट्रॅकवर मुद्रित करण्याची क्रिया आज इतकी परिचयाची झाली आहे की, तिला काही इतिहास असेल हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. ड्रमांचे आठ ट्रॅक एका 'बस'कडे वळवावेत, नव्या ट्रॅकने ती बस ऐकावी आणि मुद्रण सुरू करावे, की 'सबमिक्स' सिद्ध झाला. परंतु या क्रियेचा उगम सोयीत नसून टंचाईत आहे. आणि त्या टंचाईत मूळ साधनांचे काय झाले, हा इतिहासाच्या अभ्यासकाचा खरा प्रश्न होय.

अमेरिकन गिटारवादक लेस पॉल याने 1948 च्या 'लव्हर' या ध्वनिमुद्रणात स्वतःच्याच वादनाचे थर तबकडीवरून तबकडीवर उतरवीत रचले. पुढे ध्वनिफीत हाती येताच त्याने यंत्राला एक जादा शीर्ष बसविले. जुना आवाज पुसला जाण्यापूर्वीच ते तो वाचून घेई, त्यात नवे वादन मिसळे आणि दोन्ही त्याच फितीवर परत मुद्रित होत. एक स्वर चुकला की आधीचे सर्व थर गेले! मधल्या टप्प्यांचा पुरावा या पद्धतीत उरणे शक्यच नव्हते.

लंडनच्या ई.एम.आय. स्टुडिओत 1967 साली बीटल्सचा 'सार्जंट पेपर' सिद्ध होत असता यंत्रे चार ट्रॅकांचीच होती. (लेस पॉलला आठ ट्रॅकांचे यंत्र 1957 मध्येच मिळाले होते, हे येथे ध्यानात घ्यावे.) चारही ट्रॅक भरले की त्यांचे मिश्रण दुसऱ्या यंत्रावरील एक-दोन ट्रॅकांवर उतरवीत व उरलेले मोकळे करून घेत. यास 'रिडक्शन' म्हणत. प्रत्येक प्रतीबरोबर फितीची खरखर वाढे, आणि एकत्र बांधलेल्या वाद्यांचे परस्पर प्रमाण पुढे बदलता येत नसे. 'अ डे इन द लाइफ'च्या चौथ्या टेकचे 20 जानेवारी रोजी असे रिडक्शन झाले, तेव्हा त्यास 5 ते 7 हे नवे टेक-क्रमांक देण्यात आले. 10 फेब्रुवारीस चाळीस वादकांचा वाद्यवृंद मुद्रित करण्यास तर जागाच उरली नव्हती. म्हणून केन टाउनझेंड या अभियंत्याने 50 हर्ट्‌झच्या संकेताने दोन यंत्रे एकत्र चालविली.

तथापि येथे मूळ फीत पुसली गेली नाही. ती कोठारात राहिली. म्हणूनच 2017 मध्ये जाइल्स मार्टिन यास रिडक्शनपूर्व फितींपासून नवे मिश्रण करता आले. 1967 मध्ये अंतिम भासलेला निर्णय पन्नास वर्षांनी पुन्हा खुला झाला, याचे श्रेय यंत्रापेक्षा कोठाराच्या शिस्तीला अधिक द्यावे असे मला वाटते.

'प्रो टूल्स' ही प्रणाली 1991 मध्ये अवतरली तीही, योगायोगाने, चारच ट्रॅक घेऊन. आज ट्रॅकांची वाण नाही. तरीही उपमिश्रण मुद्रित करण्याचे एक वेगळेच कारण निर्माण झाले आहे. परिणाम-साधणारी प्लगइन काही वर्षांत नव्या संगणकावर चालेनाशी होतात. जुने सेशन उघडते, पण त्याचा मूळ नाद परत येत नाही. मुद्रित उपमिश्रण मात्र ऐकता येते. मात्र ते मुद्रित होताच जागा वाचविण्यासाठी मूळ ट्रॅक काढून टाकले, तर अवस्था लेस पॉलच्या फितीचीच. मूळ ट्रॅक राखूनही अडचण संपत नाही. ई.एम.आय.च्या टेक-क्रमांकांवरून कोणती प्रत कशापासून झाली हे लावता येते; 'ऑडिओ 14' अशा नावाच्या फाइलीवरून ते कसे लावावे?