दिलेले स्वराज्य आणि घेतलेले स्वराज्य : क्रांतिसिंह नाना पाटील

शेतकऱ्याचा मुलगा दिल्लीच्या संसदेत जाऊन बसला, की त्याच्या चरित्राला आपण एक ठरीव साचा लावतो. लहानपणीची गरिबी, तारुण्यातला तुरुंग, मग निवडणूक, आणि अखेर चौकातला पुतळा. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या वाट्याला हा साचा पुष्कळ वेळा आला आहे. आम्हांस येथे एक वेगळाच प्रश्न विचारावयाचा आहे. या माणसाच्या हाती खरी सत्ता केव्हा होती? लोकसभेच्या बाकावर बसले होते तेव्हा, की घरादारावर जप्ती आलेली असताना फरारी म्हणून रानोमाळ हिंडत होते तेव्हा? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की ते एका माणसाचे चरित्र राहत नाही, आपल्या मुलखाच्या राजकारणाचा तो जमाखर्च होतो.

नाना रामचंद्र पिसाळ हे त्यांचे मूळ नाव. जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. गाव वाळवे तालुक्यातील येडेमच्छिंद्र. घर शेतकऱ्याचे, पाटीलकीचे. मराठी शाळेतील शिक्षण संपले आणि ते तलाठी झाले. चरित्रकार ही तलाठ्याची नोकरी एका वाक्यात उरकतात. आम्हांस ती महत्त्वाची वाटते. तलाठ्याच्या दप्तरात गावाचे पोट दिसते. कोणाचा सारा थकला, कोणाच्या बांधावरून भाऊबंदकी लागली, कोणाचे नाव कमी होऊन तेथे सावकाराचे नाव चढले, हे सारे त्याला ठाऊक असते. सरकार म्हणजे लंडनचा राजा नव्हे आणि मुंबईचा गव्हर्नरही नव्हे. खेड्यातल्या माणसापुरते सरकार म्हणजे पाटील, तलाठी, फौजदार आणि सावकार, ही गोष्ट नानांना पुस्तकातून शिकावी लागली नाही. १९३० च्या कायदेभंगात त्यांनी ती नोकरी सोडली, पण त्या दप्तराचे ज्ञान त्यांच्याबरोबर आले.

पुढची बारा वर्षे तुरुंगाच्या आत-बाहेर गेली. त्यांच्या अंगी दोन चळवळींचे संस्कार होते. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीने या भागातल्या शेतकऱ्याला भटभिक्षुकी आणि सावकारी ओळखायला शिकविले होते, आणि गांधीजींच्या चळवळीने त्याला निर्भय व्हायला शिकविले. या दोहोंची सांगड नानांच्या भाषणात पडली. त्यांची भाषा शिवाराची होती. दाखले बैलांचे, औताचे, सासू-सुनांचे. आणि श्रोते हसता हसता अंतर्मुख होत. कर्ज काढून लग्न करू नका हा उपदेश त्यांनी केला, आणि तो करून ते थांबले नाहीत. थोड्या खर्चाची 'गांधी लग्ने' त्यांनी स्वतः पुढे होऊन लावली. लग्नाच्या कर्जात बुडालेला शेतकरी सरकारशी लढू शकत नाही, हे त्यामागचे साधे गणित होते. कामगारांत काम करणाऱ्यांना हे गणित चांगले कळते. ज्याच्या दाराशी पठाण उभा आहे, तो मजूर संपात फार दिवस टिकत नाही.

मग १९४२ आले. सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजचे सातारा आणि सांगलीचा मोठा भाग मिळून जो जिल्हा होता त्यात, कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ३ सप्टेंबरला तासगावची कचेरी लोकांनी शांततेने काबीज केली. पण ९ सप्टेंबरला वडूजला आणि १० सप्टेंबरला इस्लामपूरला गोळीबार झाला. वडूजला परशुराम घार्गे आणि त्यांचे साथी पडले. इस्लामपूरला पडलेल्यांत उमाशंकर पंड्या हे किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातील इंजिनियर होते. शेतकऱ्यांच्या मोर्च्यात कारखान्यातल्या माणसाचे रक्त सांडले, ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करतो.

गोळीबारानंतर दोनच वाटा उरल्या होत्या. घरी बसावे, किंवा कचेरीवर मोर्चा नेण्याऐवजी आपलीच कचेरी उभारावी. साताऱ्याच्या तरुणांनी दुसरी वाट धरली आणि १९४३ पासून १९४६ पर्यंत 'प्रतिसरकार' चालविले. सुमारे दीडशे गावांत त्याचा अंमल होता असे मानतात. नाना पाटील हे त्याचे नाव आणि त्याचा आवाज. रोजचा कारभार मात्र किसन वीर, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, पांडू मास्तर अशा कितीतरी कार्यकर्त्यांनी गटागटाने चालविला. नानांचा मोठेपणा आम्हांस येथे दिसतो. पुढारी सर्वत्र असला पाहिजे असा त्यांचा हट्ट नव्हता. नेता पकडला गेला तरी ज्या संघटनेचे काम अडत नाही, तीच खरी संघटना.

हे सरकार काय करीत होते? गावोगाव न्यायदान मंडळे बसत. जमिनीचे, कर्जाचे, बांधाचे, टाकलेल्या बायकांचे तंटे तेथे मिटत. वकील नाही, स्टँप नाही, तालुक्याला हेलपाटे नाहीत. दारूचे गुत्ते बंद पडले. कुंडलला तुफान सेनेचे शिक्षण चाले. पैशासाठी ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची गाडी लुटली गेली, आणि एप्रिल १९४४ मध्ये थेट धुळे जिल्ह्यात जाऊन सरकारी खजिना लुटला गेला. बायकांनी निरोप पोचविले, भाकरी पोचविल्या, हत्यारेही पोचविली. नानांची कन्या हौसाताई पाटील याच कामात वाढल्या. त्या २०२१ मध्ये वारल्या, आणि अखेरपर्यंत शेतकऱ्यांच्या बाजूने बोलत राहिल्या.

याच सरकारला लोक 'पत्री सरकार' म्हणत. गुन्हेगाराच्या आणि फितुराच्या तळपायांवर मार देण्याची जी शिक्षा होती, तिच्यावरून हे नाव पडले. या शिक्षेचे नुसते कौतुक करणे आम्हांस पटत नाही. दरोडेखोर आणि पोलिसांचे खबरे यांच्यापासून गावाचे रक्षण करावयाचे होते, हे खरे. पण ज्या न्यायासनावर अपील नाही, तेथे एखाद्या निरपराधाचे पाय मोडण्याचा धोका असतोच. तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. नानांना पकडून देणाऱ्यास सरकारने बक्षीस लावले होते, त्यांची जमीन जप्त केली होती, आणि तरीही चार वर्षांच्या आसपास ते सापडले नाहीत. भीतीने माणूस काही दिवस गप्प राहतो. एवढी वर्षे शेकडो घरे गप्प राहिली, ती आपुलकीने राहिली.

आता आटपाडीचा संबंध सांगतो. त्या काळी आटपाडी इंग्रजी मुलखात नव्हती. ती औंध संस्थानात होती. कुंडलही औंधचेच. हद्द बदलली की हुकूमत बदले, आणि तेवढा अवकाश भूमिगतांच्या कामी येई. पण याहून मोलाची गोष्ट निराळी आहे. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली आणि गावपंचायतीकडे कारभार व न्याय सोपविला. याच प्रयोगात मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या गृहस्थांच्या कल्पनेतून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही भिंती नसलेली तुरुंग-वसाहत उभी राहिली. तिच्यावरून सुचलेला 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट १९५७ मध्ये आला, आणि त्याची कथा याच माणदेशाच्या ग. दि. माडगूळकरांची.

म्हणजे एकाच दशकात, शेजारशेजारच्या मुलखात, दोन स्वराज्ये झाली. एक राजाने दिलेले, एक प्रजेने घेतलेले. दोन्हींनी सिद्ध केले ते एकच, की खेड्यातला निरक्षर माणूस आपला कारभार आणि आपला न्याय चालवू शकतो. आणि दोन्हींचा शेवटही सारखाच झाला. प्रतिसरकार १९४६ मध्ये विसर्जित झाले. औंध १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. स्वातंत्र्य आले आणि गावाची कचेरी पुन्हा तालुक्याला गेली. विलीनीकरण आवश्यक होते यात शंका नाही. पण या दोन प्रयोगांतून नव्या राज्याने काही उचलून घ्यावे, तेवढे उचलले गेले नाही, ही आमची तक्रार आहे.

नानांनाही हे खुपले असले पाहिजे, कारण ते स्वस्थ बसले नाहीत. काँग्रेस सोडून ते शेतकरी कामगार पक्षात आले आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५५ च्या डहाणू अधिवेशनात ते अखिल भारतीय किसान सभेचे अध्यक्ष झाले. वारल्यांच्या लढ्याने पावन झालेल्या त्या भूमीवर येडेमच्छिंद्रचा शेतकरी साऱ्या देशाच्या शेतकऱ्यांचा पुढारी झाला. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत साताऱ्याने त्यांना लोकसभेत पाठविले. तेथे ते मराठीत बोलले. दिल्लीला ती भाषा कळो न कळो, ज्यांच्या वतीने बोलावयाचे त्यांना ती कळत होती. १९६७ मध्ये ते पुन्हा निवडून आले, ते थेट बीडमधून. आपल्या जिल्ह्याबाहेरच्या, मराठवाड्यातल्या दुष्काळी शेतकऱ्याने त्यांना आपला माणूस मानले.

याच कृष्णाकाठचा दुसरा शेतकरीपुत्र, देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण, बेचाळीसच्याच वणव्यातून निघून दिल्लीत संरक्षणमंत्री, गृहमंत्री, अर्थमंत्री झाले. दोघांची तुलना करताना एकाला उंच आणि दुसऱ्याला ठेंगणा ठरविण्याची खोड आम्हांस नाही. यशवंतरावांनी सरकारच्या आत बसून सहकार, शिक्षण, जिल्हा परिषदा यांचा पाया घातला. नाना बाहेर राहिले आणि आतल्यांना जागे ठेवीत गेले. करार करण्यास आत कोणी लागतो; पण बाहेर दारात माणसे उभी असल्यावाचून आतला करार होत नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. लोकसभेत पाचशेच्या आसपास सभासदांत नाना एक होते आणि त्यांच्या हाती एक मत होते. प्रतिसरकारात त्यांच्या हाती शासनाचा एकही शिक्का नव्हता, पण शेकडो गावकरी आपण होऊन कामाला लागत. खरी सत्ता ती होती. ६ डिसेंबर १९७६ रोजी नाना वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे वाळव्याच्या मातीत त्यांचे अंत्यसंस्कार झाले.

ती सत्ता मात्र त्यांच्याबरोबर संपली नाही, याला ही आटपाडीच साक्ष आहे. १९९३ मध्ये त्यांचेच साथी नागनाथअण्णा नायकवडी येथे पाणी परिषद घेऊन उभे राहिले. दुष्काळी तेरा तालुक्यांची माणसे एकत्र आली. सोने गाळण्याच्या धंद्यासाठी परमुलखात जाणाऱ्या, मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत राबणाऱ्या, ऊसतोडीला निघणाऱ्या या मुलखाने कृष्णेच्या पाण्यात आपला वाटा मागितला. तो समान मागितला, ज्याला जमीन कमी त्यालाही पाणी मिळावे म्हणून मागितला. अण्णा २०१२ मध्ये गेले, पण परिषदा भरत राहिल्या आणि टेंभूचे पाणी माणदेशाच्या शिवारात उतरले.

पाणी आले म्हणजे काम संपले असे नाही. पाळी कोणाची, पट्टी किती, शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यास पाणी पोचते की नाही, हे प्रश्न आता सुरू झाले आहेत. ते दिल्लीत सुटणार नाहीत. ते सोडविण्यास गावात बसणारे, सर्वांसमक्ष हिशेब मांडणारे आणि चुकल्यास ऐकून घेणारे मंडळ लागते. औंधच्या राजाने ते एकदा दिले होते, नानांच्या सोबत्यांनी ते एकदा घेतले होते. आता ते देणारा राजा नाही. नानांची जयंती साजरी करणाऱ्यांनी आपल्या गावच्या पाण्याचा हिशेब एकदा तरी चावडीवर मागून पाहावा, एवढेच आमचे सांगणे आहे.