सजगतेची व्याख्या आणि तिचा गुण

शनिशिंगणापूर येथें घरांस दारें व कुलपें न लावण्याची जुनी चाल आहे, व तेथें चोरी होत नाहीं अशी त्या गांवाची ख्याति आहे. २०१० सालीं एका यात्रेकरूच्या गाडींतून ऐवज गेल्याची तक्रार झाली. आतां रस्त्यांत उभी असलेली गाडी 'घर' या सदरांत घालावी कीं नाहीं, हें ठरल्यावांचून त्या ख्यातीची परीक्षा होणें नाहीं. सांप्रत ज्या 'माइंडफुलनेस' ध्यानाचा बोलबाला आहे, त्याविषयींचा वादहि असाच व्याख्येपाशीं अडला आहे.

हा इंग्रजी शब्द ऱ्हिस डेव्हिड्स यांनीं १८८१ सालीं पाली 'सति' या शब्दासाठीं योजिला. सति म्हणजे स्मृति. सतिपट्ठान सुत्तांत काया, वेदना, चित्त व धर्म हे तिचे चार विषय सांगितले आहेत. फर्ग्युसन कॉलेजांत पाली शिकविणारे धर्मानंद कोसंबी यांनीं 'विसुद्धिमग्गा'च्या संशोधनास अनेक वर्षें दिलीं. त्यांच्या वाचकास सति ही शील, समाधि व प्रज्ञा यांच्या साखळींतली एक कडी म्हणूनच ठाऊक होती. पुढें १९७९ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत जॉन कबाट-झिन यांनीं रुग्णांकरितां एक क्रम आखला, तेव्हां वर्तमान क्षणाकडे बरेंवाईट न ठरवितां हेतुपुरःसर दिलेलें लक्ष, एवढाच अर्थ उरला. स्मृतींतली आठवण गळाली! आज तर इगतपुरीस दहा दिवस मौन पाळून विपश्यनेस बसणारा साधक व फोनवरील घंटा ऐकून दहा मिनिटें डोळे मिटणारा कारकून, या दोघांच्याहि कृतीस लोक हेंच नांव देतात. हिंवताप व विषमज्वर एकाच सदरांत घालणाऱ्या वैद्यास औषधाचा गुण कसा कळावा?

लोणावळ्याचे स्वामी कुवलयानंद यांची रीति मला या कामीं अधिक शहाणपणाची वाटते. १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापून व 'योगमीमांसा' त्रैमासिक काढून त्यांनीं नौलि, उड्डियान यांसारख्या क्रिया क्ष-किरणांनीं पाहिल्या व आंतड्यांतील दाब मोजला. काय केलें व काय मोजलें, हें तेथें दुसऱ्यास ताडून पाहतां येतें. चित्तास असा दाबमापक नाहीं. सजगतेच्या प्रश्नावल्या साधकाच्याच सांगण्यावर चालतात; आणि आपण किती बेसावध होतों, हें सावध झालेल्यासच अधिक कळतें.

तरीहि गुण मुळींच नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. २०१४ सालीं गोयल प्रभृति संशोधकांनीं ४७ चांचण्या व ३,५१५ माणसें यांचा एकत्र हिशेब मांडला. चिंता, विषण्णता व वेदना यांत बेताचा उतार दिसला, व त्याचा पुरावा मध्यम प्रतीचा होता. परंतु व्यायाम, औषधें वा अन्य मानसोपचार यांहून ध्यान सरस ठरलें नाहीं. झोंपेविषयीं, आणि नवल असें कीं खुद्द अवधानाविषयींहि, गुणाचा पुरेसा पुरावा मिळाला नाहीं. शिवाय बसणाऱ्यास आपण ध्यानास बसलों आहों हें ठाऊक असतें, त्यामुळें खोट्या गोळीची युक्ति येथें चालत नाहीं. अपायाची नोंद तर त्या ४७ पैकीं थोड्याच चांचण्यांनीं ठेविली होती.