पंचांगातील आकाश

भौतिक विज्ञानाचा सामान्य माणसाच्या जीवनाशी संबंध कोठे येतो, असा प्रश्न निघाला की विजेचा दिवा, आगगाडी, रेडिओ यांची नावे घेतली जातात. परंतु या सर्वांच्या आधीपासून खगोलगणित ज्या वस्तूच्या रूपाने घराघरांत वावरत आले, ती वस्तू म्हणजे पंचांग होय. त्याच्या पाच अंगांपैकी वार सोडला, तर तिथी, नक्षत्र, योग आणि करण ही चारही सूर्यचंद्रांच्या आकाशातील स्थानांवरून सिद्ध होतात. लग्न, श्राद्ध, उपवास यांचे दिवस या गणितावर ठरतात. हे गणित प्रत्यक्ष आकाशाशी जुळते किंवा नाही, या प्रश्नाचा इतिहास विज्ञानाइतकाच समाजाच्या मनाचाही इतिहास आहे.

हा प्रश्न पाश्चात्त्य विद्येने प्रथम उपस्थित केला, असे मानणे चुकीचे ठरेल. गणेश दैवज्ञाचा ‘ग्रहलाघव’ (शके १४४२, म्हणजे इ. स. १५२०) हा ग्रंथ महाराष्ट्रातील पंचांगकर्त्यांचा शतकानुशतके आधार होता. त्याचा पिता केशव याने स्वतः वेध घेऊन जुन्या ग्रंथांतील अंतर पाहिले होते, आणि त्या परंपरेतच गणेशाने आपले सुलभ गणित रचले. पुढील पिढ्यांनी ग्रंथ जपला. वेध मात्र सोडला.

तो सोडलेला धागा केरो लक्ष्मण छत्रे यांनी पुन्हा उचलला. १८६० मध्ये त्यांनी युरोपीय साधनांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत सिद्ध केली, आणि १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने नवे पंचांग निघू लागले. तेच पुढे पटवर्धनी म्हणून ओळखले गेले. ग्रहण केव्हा लागले व केव्हा सुटले, हे अंगणात उभ्या असलेल्या कोणालाही पाहता येते. सूक्ष्म गणिताचे श्रेष्ठत्व तेथे वादाविना सिद्ध होई.

सणांच्या बाबतीत तसे झाले नाही. सूर्यसिद्धान्ताचे वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २४ मिनिटांनी मोठे आहे. साठ वर्षांत हा फरक एका दिवसाचा होतो. चौदा शतकांत तो २३ दिवसांवर गेला. म्हणून सूर्य उत्तरेकडे वळतो २२ डिसेंबरच्या सुमारास, आणि मकरसंक्रांत येते १४ किंवा १५ जानेवारीला. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी हे अंतर मिटविणारे सायन पंचांग काढले. ते समाजात रुजले नाही. निरयन गणना मानणाऱ्यांतही आरंभस्थानाचा वाद होता. छत्रे आणि लोकमान्य टिळक रेवतीच्या ताऱ्याकडे झुकले, तर व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रेचा पक्ष घेतला. हे अंतर सुमारे चार अंशांचे. परंतु त्यामुळे टिळक पंचांगाची संक्रांत १० जानेवारीला येते, आणि अधिक मास निराळा पडला की काही वर्षी सणांत महिन्याचा फरक होतो.

या वादाचे स्थायी फळ म्हणजे दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ (१८९६) हा ग्रंथ होय. शिक्षकी पेशातील या विद्वानाने सिद्धान्तग्रंथांचा इतिहास स्वच्छ मराठी गद्यात लिहिला. वेध, अयनांश, दृक्प्रत्यय हे शब्द पोथीतून निघून वादाच्या गद्यात आले. ग्रंथाचा पहिला भाग १९६९ मध्ये आणि दुसरा १९८१ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. अनुवादक होते उज्जैनचे रा. वि. वैद्य.

हेच वैद्य १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीचे सभासद होते, नागपूरचे के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर हेही तीत होते. देशात तेव्हा तीसएक दिनगणना प्रचलित होत्या. समितीने शालिवाहन शकाचे ऋतुनिष्ठ सौर वर्ष सुचविले, आणि २२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र १८७९ या दिवशी, ते अमलात आले. साहा ते पाहावयास उरले नव्हते. फेब्रुवारी १९५६ मध्ये ते निवर्तले. धार्मिक सणांपुरती मात्र समितीनेही तडजोड केली. अयनांश २३ अंश १५ कला एवढे कायम धरावे, म्हणजे साचलेला फरक निघाला नाही तरी पुढे वाढणार नाही, अशी ती शिफारस होती.

राजपत्रावर आणि आकाशवाणीवर हा राष्ट्रीय दिनांक येतो. घरातील सण मात्र त्यावरून ठरत नाहीत. याला केवळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. ग्रहण एकट्याने पाहता येते. सण एकट्याने करता येत नाही. तिळगूळ ज्या दिवशी शेजारी घेऊन येतो, तोच संक्रांतीचा दिवस ठरतो. पण केशव दैवज्ञाने ग्रंथ बाजूस ठेवून आकाशाकडे पाहिले, तेव्हा तोही परंपरेतच उभा होता, हे विसरले जाऊ नये. सुधारकांचा पराभव झाला तो आकाशाच्या बाबतीत नव्हे. वेध घेणे हाही आपल्याच परंपरेचा धर्म आहे, हे समाजाला पटविण्याच्या बाबतीत झाला.