सिंथपॉपमधील मराठी स्वर : आशा भोसले, १९८४

१/ आशा भोसले यांच्या कारकिर्दीचे टप्पे मोजताना भावगीत, कॅबरे, गझल यांचा उल्लेख होतो. १९८४ मध्ये त्या लंडनच्या सिंथपॉप संगीतकारांसाठी गायिल्या, ही नोंद मात्र बहुधा सुटते.

२/ सिंथपॉप म्हणजे सिंथेसायझर व ड्रम मशीन यांच्या आधारावर उभे राहिलेले गाणे. मोठा वाद्यवृंद नको. दोन माणसे आणि काही यंत्रे पुरत. लंडनची ‘ब्लँकमांज’ ही अशीच जोडी. १९८२ मध्ये त्यांचे ‘लिव्हिंग ऑन द सीलिंग’ ब्रिटिश लोकप्रियता यादीत सातव्या क्रमांकावर पोहोचले. त्यात पंडित दिनेश यांचा तबला आहे.

३/ या जोडीतील स्टीफन लस्कोम्ब यांनी पंडित दिनेश यांच्यासह ‘वेस्ट इंडिया कंपनी’ हा गट उभारला. नाव ऐकताच ईस्ट इंडिया कंपनी आठवावी! त्यांच्या १९८४ च्या ‘आवे मारिया’ या ध्वनिमुद्रिकेत स्वर आहे आशाबाईंचा.

४/ हा स्वर मास्टर दीनानाथांच्या घरात, नाट्यसंगीताच्या सहवासात घडला. १९४३ च्या ‘माझा बाळ’ या मराठी चित्रपटापासून तो पडद्यामागे गाऊ लागला. १९८१ च्या ‘उमराव जान’मधील गझलेसाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार लाभला. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी तो यंत्रांच्या ठेक्यावर उमटला.

५/ मुंबईही यंत्रांना परकी नव्हती. चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच सिंथेसायझरवर दहा रागांची ध्वनिमुद्रिका काढली होती. म्हणजे ‘पाश्चात्त्यांनी शिकवले, आपण उचलले’ हे सूत्र येथे लागू पडत नाही.

६/ तरीही जगाच्या स्मरणात राहिले ते ‘कॉर्नरशॉप’चे १९९७ चे ‘ब्रिमफुल ऑफ आशा’. त्याचे रीमिक्स १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये अव्वल ठरले. पण त्या गाण्यात आशाबाई विषय आहेत, गायिका नाहीत. गौरव स्मरणात राहिला. प्रत्यक्ष काम विस्मरणात गेले.

७/ चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांना हा धोका दूरचा वाटू नये. झाडीपट्टीच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांत स्त्री-कलावंत प्रत्यक्ष रंगमंचावर गातात. मंडईचा हंगाम सरला की जाहिरातीचे फलक उतरतात आणि त्यांवरील नावेही जातात. पुढच्या वेळी नाटकाला गेलात, तर गायिकेचे नाव, गाव, नाटक आणि वर्ष लिहून ठेवा. उद्याच्या इतिहासकाराला एवढ्या चार ओळीही पुरतील.