कॉमर्सनंतर कंपनीच्या आर्थिक व्यवस्थापनाचं शिक्षण : बुलडाणा जिल्ह्यातील पालकांसाठी माहिती

बारावीचा निकाल लागला की पालक आम्हाला विचारतात, "सर, मुलगी हुशार आहे, पण सायन्स नाही घेतलं. आता काय करायचं?" कॉमर्स म्हणजे फार तर दुकानाचा हिशेब, असा आपल्याकडे समज आहे. त्यापायी चांगली मुलं वाया जातात, म्हणून ही माहिती.

काम काय असतं?
खामगावकडची जिनिंग डोळ्यासमोर आणा. कापसाचे पैसे शेतकऱ्याला लवकर द्यावे लागतात. गाठी आणि सरकी विकून पैसे यायला वेळ लागतो. मधल्या काळात मजुरी आणि वीजबिल कशातून भागवायचं? एका गाठीमागे खर्च किती पडतो? नवी मशीन घेणं परवडेल का? याची उत्तरं आकड्यांवरून काढणं म्हणजे आर्थिक व्यवस्थापन. मोठ्या कंपनीत यासाठी वेगळा विभागच असतो.

मार्ग कोणते?
१) सीए : १९४९च्या कायद्याने स्थापन झालेली संस्था हा कोर्स चालवते. दहावीनंतर फाउंडेशनसाठी नाव नोंदवता येतं, परीक्षा बारावीनंतर. फाउंडेशनचे ४ पेपर, इंटरचे ६, फायनलचे ६. फाउंडेशनला प्रत्येक पेपरात ४० टक्के आणि एकूण ५० टक्के लागतात. इंटरचे दोन्ही ग्रुप निघाल्यावर सीएच्या हाताखाली २ वर्षं आर्टिकलशिप.
२) सीएमए : यात उत्पादनखर्चावर जास्त भर असतो, त्यामुळे कारखान्यांत उपयोग होतो. फाउंडेशनचे ४ पेपर, इंटर आणि फायनलचे प्रत्येकी ८. शिवाय प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण.
३) एमबीए फायनान्स : कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर २ वर्षं. राज्याची सीईटी द्यावी लागते.

बीए, बीएस्सी झालेल्यांनीही निराश होऊ नये. पदवीला ६० टक्के असतील, तर सीएला फाउंडेशन न देता थेट इंटरला प्रवेश मिळतो. कॉमर्स पदवीधरांना त्यासाठी ५५ टक्के पुरतात.

भाषेची अडचण
सीएची परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीतून देता येते, उर्दू किंवा मराठीतून नाही. उर्दू शाळेतल्या मुलांना इथेच अवघड जातं. मूल हिशेबात कच्चं नसतं, प्रश्नच कळत नाही. म्हणून नववीपासून रोज इंग्रजी पेपरातली व्यापाराची एक बातमी वाचायला लावा आणि तिचा अर्थ उर्दूत किंवा मराठीत सांगायला लावा. यात पैसे लागत नाहीत, सवय लागते.

खर्च आणि घरापासूनचं अंतर
या दोन संस्थांची फी खासगी इंजिनीअरिंग कॉलेजच्या मानाने बरीच कमी आहे. आकडे बदलत असतात, ते संस्थेच्या वेबसाइटवरच पाहा. क्लासची जाहिरात पाहून ठरवू नका. सीए संस्थेची शाखा अकोल्यात आहे. आर्टिकलशिपला पुण्या-मुंबईलाच जावं लागतं असं नाही, प्रॅक्टिस करणारे सीए आपल्या जिल्ह्यातही आहेत. या काळात विद्यावेतन मिळतं. मुलीला बाहेरगावी पाठवायला कचरणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यावं.

व्याजाचा प्रश्न
"या कामात सूद येतं ना?" असं बरेच अब्बू विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण उत्पादनखर्च, जीएसटी, ऑडिट, बजेट अशी पुष्कळ कामं आहेत. एखाद्या विशिष्ट नोकरीबाबत शंका असेल तर आपल्या आलिमसाहेबांना विचारा. कुरआनातली सर्वांत मोठी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, हेही मुलांना सांगा. चोख हिशेब ही आपल्यासाठी परकी गोष्ट नाही.

एक इशाराही देतो. या परीक्षा कठीण आहेत, एक-दोनदा नापास होणं नेहमीचं आहे. सगळं वेळेवर निघालं तरी बारावीनंतर सीएला साडेतीन वर्षं लागतात, बहुतेकांना त्याहून जास्त. म्हणून सोबत बी.कॉम. चालू ठेवा. आणि पहिल्या नापाशीनंतर मुलाला दुकानावर बसवायची किंवा मुलीचं लग्न ठरवायची घाई करू नका. आम्ही पाहिलंय, अर्ध्यावर सुटलेली बरीच मुलं अभ्यासापेक्षा घरच्या घाईमुळेच सुटली.